बाबूजींच्या विलायती गाडीत टॅक्सीचं इंजिन

गेली एकतीस वर्षं मी वर्ध्यात इंजिनं खोलतो, मोजतो आणि परत बांधतो. बहुतेक ट्रॅक्टरची, जीपची आणि टेम्पोची. लोकांना वाटतं, चांगला मिस्त्री इंजिनाला कान लावतो आणि दोष सांगतो. कानाने फक्त संशय येतो. खात्री मायक्रोमीटरने होते. पण हे गिऱ्हाइकाला पटवणं इंजिन बांधण्यापेक्षा अवघड आहे. सेलूचे एक गृहस्थ निळा धूर सोडणारा ट्रॅक्टर घेऊन आले आणि म्हणाले, "नुसत्या रिंगा टाकून द्या, बाकी काई करू नका." मी माप घेतलं. सिलेंडर इतके झिजले होते की त्यात नव्या रिंगा टाकणं म्हणजे फाटक्या पोत्याचं तोंड नव्या सुतळीने बांधणं. त्यांनी ऐकलं नाही, मी रिंगा टाकल्या. दोन महिन्यांनी ते परत आले, ते माझ्यावरच रागावून.

चुका माझ्याही झाल्या. एका मास्तरांची स्कूटर पवनारच्या चढावर खडखड आवाज करायची. मी तिचं इंजिन तीन वेळा खोललं. चौथ्या वेळी मागे बसून त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा कळलं की बाजूच्या डब्यात ठेवलेल्या जेवणाच्या डब्यातला चमचा वाजत होता. मास्तर म्हणाले, "मंग तीनदा काऊन खोललं?"

पण ज्या कामाने मला सगळ्यात जास्त छळलं, ते ना ट्रॅक्टरचं ना स्कूटरचं. ते होतं एका जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीचं. दोन सीट, कापडी टप, बसलं की बूड जमिनीपासून जेमतेम फूटभर वर. मालक बाबूजी, वय अठ्ठ्याहत्तर. वर्ध्याहून पवनारकडे जाताना त्यांचं जुनं जिनिंग आहे. आता तिथे सरकी निघत नाही, कापसाच्या हंगामात आवार फक्त खरेदीला देतात. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आणि प्रेसच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती कितीतरी वर्षं उभी होती.

बाबूजी गेल्या वर्षी पोळा झाल्यावर माझ्याकडे आले. खिशातून लायसन काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"याची तारीख वाचा, सुरेशभाऊ."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ते संपत होतं.

"आमच्या वयात नवं करायचं तं डोळ्याच्या डॉक्टरची सही लागते. डॉक्टर म्हणते, या खेपेला सही देणार नाई. म्हणजे त्या दिवसानंतर मी गाडी चालवू शकत नाई. त्याच्या आधी मले माही गाडी एकदा चालवायची आहे. बस, एवढंच काम."

मी विचारलं, डोळ्यांना काय झालं आहे. ते म्हणाले, "बाजूचं सगळं दिसते. मधात थोडं धुकं आहे." यावर मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. इंजिनाचं शंभरातलं एक माप मी सोडत नाही, आणि माणसाने 'थोडं' म्हटलं ते तसंच धरलं.

पहिली अडचण अशी की गाडी माझ्या गॅरेजमध्ये यायला तयार नव्हती. म्हणजे बाबूजी तयार नव्हते. टोचन करून नेली तर पुढचा बंपर ओढला जाईल, ट्रकवर घातली तर रंगाला ओरखडा पडेल. मग मी आणि माझा फिटर गजानन रोज दुपारी हत्यारं घेऊन जिनिंगमध्ये जायला लागलो. गजानन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, हात सोन्याचा, तोंड मात्र जन्मभर झाकण नसलेल्या टाकीसारखं. एक सोय मात्र चांगली होती. प्रेसच्या शेडमध्ये गाठी उचलायची लोखंडी तुळई होती. तिला चेनपुली टांगली की अख्खं इंजिन आरामात उचलता यायचं.

इंजिन उतरवून खोललं. सिलेंडर म्हणजे ज्या गोल नळीत पिस्टन वरखाली होतो ती. ती झिजते, पण सारखी झिजत नाही, वर जास्त आणि खाली कमी. हा फरक आम्ही थाऊमध्ये मोजतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा केस दोन-तीन थाऊ जाड असतो. फरक चार थाऊ झाला की मी सिलेंडर मोठा करून, म्हणजे बोअर करून, जाड पिस्टन घालायला सांगतो. इथे तो नऊ होता. शिवाय आधी कुणीतरी साठ थाऊपर्यंत बोअर करून ठेवलेलं, त्यापुढे भिंतीत लोखंडच उरत नाही. आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलेंडरमध्ये पाण्याच्या बाजूपर्यंत गेलेली चीर होती. केसाएवढी, पण होती.

मी बाबूजींना सगळे आकडे लिहून दाखवले. म्हटलं, "हा ब्लॉक संपला. दुसरं इंजिन बसवावं लागेल."

"विलायतेहून आणा."

"चार महिने लागतील. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत."

"मंग हेच करा."

"बाबूजी, चीर आहे."

"चीर तं माह्या टाचेलेही आहे. चालतो न मी."

यावर गजानन हसला, म्हणून मला जास्त राग आला.

उपाय मला माहीत होता, पण तो सांगायला मी दोन दिवस घेतले. आपल्याकडे सरकारी साहेब आणि टॅक्सीवाले वर्षानुवर्षं ज्या गोलमटोल गाडीत फिरले, तिचं जुनं पेट्रोल इंजिन आणि या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन एकाच घराण्यातलं. ब्लॉक तोच, बोल्टची भोकं तीच, चुलत भाऊ म्हणा. नागपूरच्या भंगारात मला एक मिळालं. लिलावात निघालेल्या सरकारी गाडीचं, फार न चाललेलं. चारही सिलेंडर मूळ मापात, फरक जास्तीत जास्त दीड थाऊ. मी ते दुकानातच तीन वेळा मोजलं, तेव्हा भंगारवाला म्हणाला, "साहेब, घ्यायचं आहे की लग्न लावायचं आहे?"

बाबूजींनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. "माह्या गाडीत टॅक्सीचं इंजिन?"

गजानन म्हणाला, "टॅक्सीचं नाई, बाबूजी. याच्यावर लाल दिवा होता. कलेक्टर बसत असन. तुमच्या गाडीले प्रमोशन भेटून राह्यलं."

"कलेक्टर मागच्या सीटवर बसते," बाबूजी म्हणाले. "इंजिन ड्रायव्हरचंच असते." आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "किती दिवस लागतीन?"

चुलत भाऊ असला तरी दुसऱ्याचा सदरा अंगाला बेतावा लागतो. पुढची इंजिन टांगायची पट्टी वेगळी. ऑइलचा खालचा तवा, ज्याला संप म्हणतात, तो गाडीच्या आडव्या दांड्याला लागायचा. म्हणून जुन्या इंजिनाचा संप काढून याला लावला. गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात एका पितळी बुशमध्ये बसतं. तिथे पाच थाऊची गडबड होती. मी लेथवर गनमेटलचा नवा बुश केला, तो एक थाऊ घट्ट झाला. दुसरा केला. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, शेपूट खाली आणि तोंड वर असं तिरपं करून बॉनेटखालच्या बोळात उतरवायचं. बोळ इतका अरुंद की एकीकडे बोट घातलं तर दुसरीकडे कातडी सोलते. जोडीने चार वेळा आत घातलं, चार वेळा बाहेर काढलं. अडायचं ते गिअरबॉक्स. शेवटी गिअरबॉक्सचा एक कान घासला आणि ते एकटंच खालून आत बसवलं. इंजिन मागाहून वरून सोडायचं ठरवलं.

या सगळ्यात बाबूजी शेडमध्ये खुर्चीवर बसून असायचे. प्रत्येक बोल्टचं विचारायचे. "हा कुठचा? हा काऊन काढला?" मी उत्तर द्यायचो, कारण गाडी त्यांची होती. पण एका दुपारी आम्ही पोहोचलो तर बाबूजी घमेल्याशेजारी उकिडवे बसलेले, हात रॉकेलने ओले, चेहऱ्यावर समाधान.

"तुमचा वेळ वाचावा म्हणून मी सगळे बोल्ट धुऊन ठेवले."

मी प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवले होते, डब्यावर चिठ्ठी. नऊ डबे, एकशे चौदा बोल्ट. बाबूजींनी नऊही डबे एका घमेल्यात ओतले होते. विलायती गाडीचे आटे इंचातले, त्यातही दोन जातींचे, लांबी पाव इंचाने बदलणारी. चुकीचा बोल्ट जोर लावून बसतो आणि मग ब्लॉकमधले आटेच खातो.

गजानन बोलला. "बाबूजी, तुम्ही जिनिंगमध्ये लांब धाग्याचा अन् आखूड धाग्याचा कापूस एकाच गाठीत घालत होते काय?"

बाबूजींचा चेहरा उतरला. ते उठून घरात गेले. आम्ही दीड दिवस व्हर्नियर घेऊन बोल्ट लावत बसलो. एक बोल्ट कमी निघाला. तो संध्याकाळी बाबूजींनी स्वतःच आणून दिला, कुर्त्याच्या खिशातून.

असं करत दसऱ्यापर्यंत इंजिन बांधून स्टँडवर तयार झालं. बाबूजींचं म्हणणं, दसऱ्याला पूजा करूनच ते गाडीत सोडायचं. यात गैर काही नाही. आमच्या गॅरेजमध्येही दसऱ्याला पाने-हातोड्यांची पूजा होते. सहा दिवस हातात होते, काम दोन दिवसांचं. मी हो म्हणालो.

पूजेच्या दिवशी सकाळी मी इंजिन हाताने फिरवून टॅपेटची, म्हणजे व्हॉल्वच्या फटीची, मापं शेवटची तपासली. हाताने फिरवायला सोपं जावं म्हणून चारही स्पार्क प्लग काढून ठेवलेले असतात. तिथे बोटाएवढी चार भोकं उघडी राहतात आणि ती थेट सिलेंडरमध्ये जातात. माझा नियम असा की इंजिनात उघडं भोक दिसलं की त्यात चिंधी कोंबायची. नियमाप्रमाणे मी चार चिंध्या कोंबल्या आणि गजाननला म्हटलं, "पूजेआधी इंजिन स्वच्छ पुसून घे." मग मी शर्ट बदलायला गेलो, कारण बायकोने बजावलं होतं की दुसऱ्याच्या घरच्या पूजेला ऑइलच्या कपड्यांत उभं राहू नका.

परत आलो तेव्हा पूजा झाली होती. बाबूजींच्या पत्नी, ज्यांना सगळे बाईजी म्हणतात, त्यांनी इंजिनावर स्वस्तिक काढलं होतं, झेंडूचा हार घातला होता. घरची अकरा माणसं जमलेली, प्रत्येकाने मूठभर अक्षता टाकलेल्या. इंजिनावर पांढरी-पिवळी रांगोळी पडावी तसे तांदूळ पसरले होते. आणि प्लगच्या चारही भोकांत चिंध्या नव्हत्या.

मी गजाननला बाजूला घेतलं. "चिंध्या कुठे आहेत?"

"काढल्या."

"का?"

"तुम्हीच सांगतलं, स्वच्छ कर. पूजेत देवापुढे मळक्या चिंध्या बऱ्या दिसते काय?"

त्याचं खोटं नव्हतं. मीच स्वच्छ करायला सांगितलं होतं, आणि चिंध्या सोडून, हे दोन शब्द बोललो नव्हतो. आजपर्यंत मी हा दोष त्याच्यावर टाकलेला नाही, निदान तोंडाने.

बाईजींनी विचारलं, "काई चुकलं का, भाऊ?"

मी म्हटलं, "नाही. पूजा छान झाली." मग बाबूजींना शेडबाहेर नेऊन सांगितलं.

बाईजींच्या घरून धूळ ओढायचं सफाईचं मशीन आणलं, त्याला सलाइनची बारीक नळी टेपने चिकटवली आणि एकेका भोकातून ओढलं. जाळीवर गोळा झालेले दाणे मी मोजले. पहिल्यातून सात, दुसऱ्यातून तीन, तिसऱ्यातून एक, चौथ्यातून पाच. एकूण सोळा. पण किती आत गेले होते, हा आकडा जगात कुणाकडेच नव्हता.

बाबूजी म्हणाले, "आता झालं न. चालू करा."

"हेड उघडून पाहावं लागेल."

"तांदूळच आहे, सुरेशभाऊ. लोखंड थोडंच आहे. एक-दोन राह्यले असन तं जळून जातीन."

"जळतील. किंवा एखादा व्हॉल्वखाली अडकेल, व्हॉल्व पूर्ण बसणार नाही आणि तिथून गरम गॅस निघून त्याची कड जळेल."

"किंवा म्हणता तुम्ही. म्हणजे तुम्हाले माहीत नाई."

"माहीत नाही म्हणूनच उघडायचं."

"माह्याजवळ सहा दिवस आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमच्याजवळ पुरी जिंदगी आहे उघडझाप करायले."

हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, काढलं की त्याखालचं गॅस्केट, म्हणजे धातू आणि पुठ्ठ्याचा मधला थर, नवं लागतं. एकदा दाबलेलं परत चालत नाही. माझ्याकडे दुसरं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी दुपारी हेड उघडलं.

चारही सिलेंडर टॉर्च लावून पाहिले. तिसऱ्यात, पिस्टनच्या काठाशी, भिंतीच्या फटीत एक दाणा होता. एक. कुंकवाने लाल झालेला. मी तो चिमट्याने काढून तळहातावर ठेवला आणि बाबूजींना दाखवला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, मग जरा बाजूला धरून पाहिला, आणि म्हणाले, "याच्यासाठी?"

नागपूरला फोन केले. दसऱ्यानंतर अर्धी दुकानं बंद. पहिलं गॅस्केट तिसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने आलं. ब्लॉकवर ठेवून पाहिलं तर त्याची भोकं सिलेंडरपेक्षा लहान, कड आत लोंबणारी. ती जळून दहा दिवसांत गॅस्केट फाटलं असतं. गजानन म्हणाला, "कापून टाका न कड." मी परत पाठवलं. दुसरं अमरावतीहून आलं, ते कोजागिरीच्या संध्याकाळी. मधल्या दिवसांत आम्ही हेड नसलेलंच इंजिन गाडीत उतरवून ठेवलं. बाबूजी रोज येऊन बसायचे, पण बोल्टचं काही विचारायचे नाहीत. ते विचारायचे तेव्हा मी वैतागायचो, आणि आता शेडमधली शांतता खायला उठायची.

तो दाणा राहिला असता तर काय झालं असतं, हे मी वर्षभर स्वतःला विचारतो आहे. बहुधा काही झालं नसतं. शंभरात नव्वद वेळा तो जळून धुराड्यातून गेला असता. मी दहांच्या बाजूने गेलो आणि त्या माणसाच्या सहापैकी पाच दिवस घालवले. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन, आणि हेही मला फारसं आवडत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी सातला हेड बसवलं. दुपारी चारला पहिला सेल्फ मारला, तिसऱ्या वेळी इंजिन धरलं. प्लग नीट, ऑइलचा दाब साठ पौंड, आवाज मऊ. टॅक्सीचं इंजिन विलायती सायलेन्सरमधून घुमत होतं. बाईजी पायरीवर उभ्या होत्या. बाबूजींनी टोपी काढून केसांवरून हात फिरवला, परत घातली आणि गाडीत बसले. मी शेजारी बसलो. ठरलं असं की आधी आवारात एक चक्कर, मग बाहेर.

गाडी सुटली. क्लच त्यांनी इतका अलगद सोडला की मला कळलंही नाही. पायाला सगळं आठवत होतं. पहिला, दुसरा.

"सुई कितीवर आहे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, माझी परीक्षा घेत आहेत. "दोन हजार."

"ऑइल?"

"पंचावन्न."

"पाणी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुया त्यांच्या नाकासमोर दीड फुटावर होत्या आणि ते मला विचारत होते. मी मान वर केली तर समोर निळा प्लास्टिकचा ड्रम होता. महिनाभर तिथेच उभा, त्यातल्याच पाण्याने आम्ही हात धूत होतो. गाडी सरळ त्याच्यावर चालली होती. गजानन ओरडला. मी हँडब्रेक ओढला.

गाडी थांबली तेव्हा बंपर आणि ड्रम यांच्यात तीन फूट आठ इंच अंतर होतं. मी नंतर टेपने मोजलं.

बाबूजी म्हणाले, "हा इथं कधी ठेवला?"

त्यांनी रिव्हर्स घेतला, वळवली आणि गाडी हळू फाटकापर्यंत नेली. फाटक उघडं होतं. पलीकडे रस्ता, दुचाक्या, एक एसटी गेली. इंडिकेटर लावून ते थांबले. लायसन त्या दिवशी रात्री बारापर्यंत चालू होतं. कायद्याने त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं.

मी म्हटलं, "बाबूजी, इंजिन बदललं की आरटीओची तपासणी लागते. ती व्हायची आहे. तोवर रस्त्यावर नेता येत नाही."

हे खरं होतं. नव्या इंजिनाच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेला ठसा माझ्या खिशातच होता, अर्जाला लावायचा. पण बोलायचं होतं ते हे नव्हतं. सगळा जिल्हा मला तोंडावर बोलणारा म्हणून ओळखतो, आणि त्या वेळी मी सरकारी कागदामागे लपलो.

बाबूजींनी इंजिन बंद केलं. "तपासणीचं राहू द्या. डोळ्याचं सांगा."

मी सांगितलं. "तुम्हाला ड्रम दिसला नाही."

"हाव."

"रस्त्यावर ड्रम नसतो, माणूस असतो."

"हाव." इंडिकेटर टकटक करत होता. मी तो बंद केला. मग ते म्हणाले, "तुम्ही तो दाणा काढत बसले नसते, तं मी पाच दिवस आधी गेलो असतो. कोणाले तरी उडवलं असतं."

मला वाटलं नव्हतं की ते असं बोलतील. मला हायसंही वाटलं नाही. दाणा काढताना मी त्यांच्या डोळ्यांचा विचार केला नव्हता, व्हॉल्वचा केला होता. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. तुम्ही माणसाचा विचार कराल, असं दिसत नाई." आणि पहिल्यांदा जरा हसले.

मग विचारलं, "नव्या बांधलेल्या इंजिनाले रन-इन किती सांगता तुम्ही?"

"पाचशे किलोमीटर. हळू, जोर न देता. पिस्टन, रिंगा, सिलेंडर एकमेकांत रुळेपर्यंत."

"अन् या आवारात चालवाले लायसन लागते काय?"

लागत नाही. आवार त्यांचं, फाटक बंद. गजानन मागून म्हणाला, "गोल गोल फिराल तं तेलघाणीचा बैल म्हनतीन लोक."

"म्हनू दे. बैलाच्याही डोळ्याले पट्टीच असते."

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन आवार मोजलं. भिंतीपासून सुरक्षित अंतर सोडून एक फेरी तीनशे चाळीस मीटर. पाचशे किलोमीटरला चौदाशे एकाहत्तर फेऱ्या. आवारातली प्रत्येक वस्तू हलवली, ड्रम सगळ्यात आधी. बाबूजींना मधलं दिसत नाही, पण कडेचं दिसतं, म्हणून क्रिकेटच्या मैदानावर मारतात तशी दोन्ही बाजूंना फक्कीची जाड रेघ मारली. आणि हे सगळं करून स्वतःच्याच गळ्यात दोरी बांधून घेतली, कारण शेजारी बसून सुया वाचायला, हँडब्रेक धरायला आणि फेऱ्या मोजायला माणूस लागतो. बाबूजींचं म्हणणं, तो मीच. गजाननवर विश्वास नाही, तो मोजताना गप्पा मारतो.

म्हणून आता वर्षभर दर रविवारी सकाळी मी तिथे असतो. बायको विचारते, किती दिवस. सणावाराला मुलगी येते आणि मी नसतो. पंधरवड्याला फेऱ्यांची दिशा बदलतो, नाहीतर एकाच बाजूचे टायर झिजतात. बाबूजी प्रत्येक वेळी विसरतात आणि वाद घालतात. बाईजी दहाव्या फेरीला चहा घेऊन मध्येच उभ्या राहतात, त्यांना किती वेळा सांगितलं की काठाला उभं राहा. पुस्तकाप्रमाणे हे रन-इनही नाही. इंजिनाला कमीजास्त भार लागतो, चौथा गिअर लागतो, इथे तिसरा पडला की भिंत येते. शिवाय कापसाचा हंगाम सुरू झाला की आवारात गंज्या लागतात आणि चार-पाच महिने सगळं बंद.

मागच्या रविवारपर्यंत सहाशे बारा फेऱ्या झाल्या होत्या. उरल्या आठशे एकोणसाठ. आम्ही सुरुवातीपासून रविवारी वीस-बावीस करतो. हंगामाआधी या वर्षाचे दोन-तीन रविवार उरलेत. मी घरून हिशोब करून नेला होता. गाडीत बसल्यावर त्यांना वाचून दाखवला. म्हटलं, एकवीसच्या सरासरीने अजून एकेचाळीस रविवार. बंदचे महिने धरले तर पुढच्या वर्षी याच सुमाराला संपेल. दर रविवारी दोन-चार जास्त केल्या तर लवकर आटपेल.

बाबूजींनी विचारलं, "संपल्यावर काय?"

"संपल्यावर काही नाही. ऑइल बदलायचं, टॅपेट तपासायचे. इंजिन तयार."

"तुमचं यायचं काम राहणार नाई."

"नाही."

त्यांनी सेल्फ मारला. इंजिन एका झटक्यात धरलं. ते म्हणाले, "मंग आज बावीस नका करू. अठरा करू."

मी समजावलं की गार इंजिन सुरू केलं की ते निदान अर्धा तास चाललं पाहिजे, नाहीतर ऑइलमध्ये ओल धरते. अठरा फेऱ्या लवकर होतात.

"तं हळू चालवू," बाबूजी म्हणाले.

अठरा फेऱ्यांना आम्ही अर्धा तास लावला. ताशी बारा किलोमीटर.